मिलिटरीतलं ऑफिस आणि घरातला पाळणा

“बंदूक हातात घ्यायची नाही, पण मिलिटरीत जायचंय. ऑफिसातली शाखा घेतली तर घरदार, मुलंबाळं सांभाळून नोकरी होईल ना?”

लष्करातल्या नोकरीविषयी चार लोकांत बोलायला बसलं की हा प्रश्न येतोच. विचारणारी कधी एमकॉम झालेली मुलगी असते, कधी कोर्टात ज्युनिअरशिप करून कंटाळलेला तरुण वकील, तर कधी मुलीपेक्षा जास्त धास्तावलेले तिचे वडील. आपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेला माणसं देणाऱ्या गावांत हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तिथल्या आयाबायांना उत्तर तोंडपाठ असतं. शहरात मात्र डोळ्यांसमोर एक चित्र असतं: पंखा, टेबल, फायलींचा गठ्ठा, पाच वाजता घर, फरक एवढाच की अंगावर गणवेश. हे चित्र सगळंच खोटं नाही. पण त्यात एक गफलत आहे, आणि संसाराची बहुतेक भांडणं त्या गफलतीतूनच निघतात.

१. फौजेत ऑफिस कुठे असतं?

लाखो माणसांच्या सैन्याला रोज जेवायला लागतं. पगार, बूट, औषधं, डिझेल, दारूगोळा, रजेचा पास, कोर्टमार्शलचे कागद, जवानांसाठी शिक्षणाचे वर्ग हे सगळं कुणीतरी पाहावंच लागतं. ते पाहणाऱ्या शाखा म्हणजे फौजेची प्रशासकीय बाजू.

भूदलात अन्नधान्य, इंधन आणि वाहतूक आर्मी सर्व्हिस कोअरकडे असते. मोज्यांपासून तोफगोळ्यांपर्यंतचा साठा ऑर्डनन्स कोअर सांभाळते. शिक्षणाची जबाबदारी एज्युकेशन कोअरची. तिचं प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. कायद्याचं काम जज अॅडव्होकेट जनरल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘जॅग’ असलेली शाखा करते. लष्करी कायदा शिकवणारी संस्था आपल्या नागपूरशेजारी कामठीत आहे. हवाई दलात प्रशासन, लेखा, लॉजिस्टिक्स, शिक्षण आणि हवामान अशा जमिनीवरच्या शाखा आहेत. नौदलातही लॉजिस्टिक्स, शिक्षण आणि कायदा आहे. अधिकाऱ्यांच्या खालच्या पातळीवर क्लार्क आणि स्टोअरकीपर असतात. गावाकडे “पोरगं क्लार्कमध्ये लागलं” असं म्हणतात, ते हेच.

आता गफलतीकडे येऊ. हवाई दलाच्या प्रशासन शाखेत फायली आहेत, तसेच एअर ट्रॅफिक कंट्रोलर आणि फायटर कंट्रोलरही आहेत. फायटर कंट्रोलर म्हणजे रडारच्या पडद्यावर आकाश पाहून लढाऊ वैमानिकाला कुठे वळायचं, समोर कोण आहे हे सांगणारा अधिकारी. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाकिस्तानी विमानं चालून आली तेव्हा स्क्वॉड्रन लीडर मिंटी अग्रवाल अशाच पडद्यासमोर होत्या. त्या कामाबद्दल त्यांना युद्ध सेवा पदक मिळालं; ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सर्व्हिस कोअरचंही तसंच. सियाचिनसारख्या ठिकाणी रसद पोचवायची, तर ती पोचवणाऱ्या साखळीत कुणीतरी सर्व्हिस कोअरचा अधिकारी थंडीत उभा असतोच.

थोडक्यात, शाखा तुमचं काम ठरवते. तुम्ही राहणार कुठे, हे ती ठरवत नाही. जॅग अधिकाऱ्याला मुख्यालयाची गावं जास्त मिळतात, ऑर्डनन्सवाल्याला डेपोची, एवढा कल असतो. हमी कुणालाच नसते. भूदलाचा गणवेश चढवला की आर्मी अॅक्ट, १९५० लागू होतो आणि जिथे पाठवतील तिथे जाण्याची जबाबदारी लेखापालावरही तेवढीच येते.

२. दार कोणत्या वयात उघडं असतं?

इथे पुष्कळ जणांचा हिरमोड होतो. लग्न झालंय, एक मूल आहे, आता फौजेत जाऊ, असा बेत असेल तर बहुतेक दारं आधीच बंद झालेली असतात.

चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीची अधिकारीपदाची नेमणूक, घेऊन भूदलात जायचं, तर सर्वसाधारण पदवीधराला पंचविशीच्या आसपासपर्यंतच मुदत असते आणि उमेदवार अविवाहित असावा लागतो. मूलबाळ नसलेल्या, पुन्हा लग्न न केलेल्या विधवा आणि मूल नसलेल्या घटस्फोटित स्त्रियांसाठी सवलत आहे. जॅगसाठी कायद्याची पदवी लागते आणि वय २१ ते २७. हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखांना वय २० ते २६. त्यात पंचविशीच्या आतल्या उमेदवारानं अविवाहित असलंच पाहिजे. प्रशिक्षण चालू असताना लग्न कुठेच चालत नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत गर्भवती उमेदवार त्या वेळेपुरती अपात्र ठरते. चेन्नईचं प्रशिक्षण ४९ आठवड्यांचं असतं आणि त्यात पुढे फाइल हाताळणाऱ्यालाही इतरांइतकंच पळावं लागतं.

क्लार्कच्या बाबतीत तर २०२२ पासून चित्रच पालटलं. अग्निपथ योजनेत भरती होणारा क्लार्क अग्निवीर असतो. मुदत चार वर्षं, पगार महिन्याला ३० हजारांपासून चौथ्या वर्षी ४० हजारांपर्यंत, आणि उमेदवार अविवाहित. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केलं जातं. बाकीचे सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन घरी येतात. योजना जाहीर झाली तेव्हा ही रक्कम व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार सांगितली होती. चार वर्षं लग्न नाही, पुढची शाश्वती नाही. पूर्वी गावात क्लार्कच्या नोकरीवर मुलगी दिली जायची. आता मुलीकडच्यांनी चार वर्षं थांबायचं, मगच काय ते बोलायचं, अशी वेळ आहे.

एक दार मात्र आईसाठी खास उघडं ठेवलेलं आहे, आणि त्याची किंमत फार मोठी आहे. सेवेत मरण पावलेल्या सैनिकांच्या पत्नींसाठी वयाची अट ३५ पर्यंत शिथिल केलेली आहे आणि काही जागा राखीव आहेत. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या, दोन मुलांच्या आई होत्या, आणि वयानं या सवलतीच्याही पुढे गेल्या होत्या. त्यांच्यासाठी अट आणखी शिथिल झाली. त्या चेन्नईत ऐन विशीतल्या मुलामुलींबरोबर प्रशिक्षण घेऊन सप्टेंबर २०१७ मध्ये ऑर्डनन्स कोअरच्या लेफ्टनंट झाल्या. या घटनेकडे लोक प्रेरणेची गोष्ट म्हणून पाहतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते: ते वर्ष निघावं म्हणून मुलांची सोय कुणीतरी लावली, आणि तशी सोय ज्या घरात लागत नाही, तिथली बाई अर्जही भरत नाही.

म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न असा उरतो: अविवाहित असताना आत गेलो, तर पुढे आत राहून मुलं कशी वाढवायची? पुढची कलमं त्याविषयी.

३. पोस्टिंगचं वेळापत्रक आणि मुलाचं वय

फौजेत पोस्टिंग दोन प्रकारचं. ‘पीस’ म्हणजे जिथे कुटुंब बरोबर ठेवता येतं: पुणे, देवळाली, सिकंदराबाद, जबलपूर अशी गावं. ‘फील्ड’ म्हणजे जिथे कुटुंब नेता येत नाही. मुक्काम साधारण दोन-तीन वर्षांचा, मग बदली. फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी काही ठिकाणी वेगळी घरं असतात, त्यांना ‘एसएफ क्वार्टर’ म्हणतात. तिथे एकेकटी राहणारी कुटुंबं एकमेकांना धरून असतात. कुणाच्या मुलाला रात्री ताप आला तर शेजारचं दार ठोठावायला संकोच वाटत नाही.

आता एक उदाहरण मांडून पाहू. एक मुलगी चोविसाव्या वर्षी ऑर्डनन्समध्ये लेफ्टनंट झाली. सत्ताविसाव्या वर्षी लग्न, एकोणतिसाव्या वर्षी मूल. शॉर्ट सर्व्हिसची पहिली मुदत दहा वर्षांची. ती संपते तेव्हा ती ३४ वर्षांची आणि मूल पाच वर्षांचं, म्हणजे पहिलीच्या उंबरठ्यावर. हवी तर आणखी चार वर्षं वाढवून मिळतात. तेव्हा ती ३८ची, मूल नऊ वर्षांचं. कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, मिळालं आणि तिनं अधिकाऱ्याच्या पेन्शनला लागणारी वीस वर्षं पुरी केली, तर ती ४४ची आणि मूल पंधराचं. दहावी!

मुलाच्या जन्मापासून दहावीपर्यंत पंधरा वर्षं होतात. अडीच वर्षांचं एक पोस्टिंग धरलं तर सहा पोस्टिंगं. त्यांतली दोन फील्डची निघाली तर पाच वर्षं आई घरात नाही. पाच वर्षं हा आकडा ऐकून दचकायला होतं. पण खरा प्रश्न ती पाच वर्षं कोणती, हा आहे. मूल दीड वर्षाचं असताना फील्ड लागलं तर आजी-आजोबा बरंच काही निभावून नेतात. मूल तेरा वर्षांचं असताना लागलं तर आजीच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून माझं मत असं, की मूल होण्याआधीच्या पाच वर्षांत फील्डचं एक पोस्टिंग होऊन गेलेलं बरं. तरुण अधिकारी त्या काळात चांगलं शहर मागतात आणि कठीण ठिकाण पुढे ढकलतात. संसाराच्या हिशोबानं हे उलटं आहे.

मागणी करता येते का? येते. नवरा-बायको दोघंही सेवेत असतील तर शक्यतो एका ठिकाणी पोस्टिंग द्यावं, असा प्रयत्न असतो. घरात गंभीर आजारपण असेल तर सहानुभूतीच्या कारणावरून अर्ज करता येतो. मुलांच्या दहावी-बारावीसाठी घर काही काळ ताब्यात ठेवायची विनंतीही होते. पण या सगळ्याला ‘सेवेची गरज असेल त्याप्रमाणे’ ही शेपटी असते. अर्ज नाकारला गेला तर त्यात वरिष्ठाचा दुष्टपणाच असतो असं नाही. ज्या जागेवर तुम्ही जात नाही, तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला जावं लागतं.

४. रजा किती, हातात किती?

कागदावर रजा भरघोस दिसते. अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि २० दिवसांची नैमित्तिक रजा. जवानाला ६० आणि ३०. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. बँकेत काम करणाऱ्या कुठल्याही बापाला हेवा वाटेल.

पण फौजेतली रजा हे आरएसीचं तिकीट असतं. गाडीत चढायला मिळणार हे नक्की. बर्थ कधी मिळेल हे गाडी सुटल्यावर कळतं. युनिटचा सराव, तपासणी, सीमेवरचा ताण, यांतलं काहीही आलं की मुलाच्या वाढदिवसासाठी मागितलेली रजा पुढच्या महिन्यात सरकते. म्हणून फौजेतल्या घरांत सण तारखेला होत नाहीत. बाबा आले की होतात. दिवाळीचा फराळ पौषात करणारी घरं मी पाहिली आहेत. त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही.

बाळंतपणाच्या रजेचं मात्र तसं नाही, तिथे नियम स्पष्ट आहेत. महिला अधिकाऱ्याला प्रत्येक अपत्यासाठी १८० दिवसांची भरपगारी रजा मिळते, दोन अपत्यांपर्यंत. संपूर्ण नोकरीत ३६० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत केव्हाही. एक वर्षाच्या आतलं मूल दत्तक घेतलं तर १८० दिवस. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं हेच नियम अधिकारी नसलेल्या महिला सैनिक, नौसैनिक आणि हवाई सैनिकांनाही लागू करायला मंजुरी दिली. बापांना पितृत्व रजा १५ दिवस. एकट्यानं मूल वाढवणाऱ्या पुरुष सैनिकाला बालसंगोपन रजा देण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला. बायको गेलेला किंवा सोडून गेलेला सुभेदार पूर्वी मुलाला गावी आईकडे टाकून परत युनिटमध्ये जायचा, दुसरा मार्गच नव्हता. या निर्णयाची बातमी फार गाजली नाही, पण मला तो मोलाचा वाटतो.

५. लग्न केलं म्हणून नोकरी गेली

आजच्या सवलती पाहताना मागे किती अंधार होता, तेही पाहायला हवं. लष्करी परिचर्या सेवेत, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलांत काम करणाऱ्या नर्सिंग अधिकाऱ्यांच्या सेवेत, १९७७ची एक सूचना होती. त्या आधारे लग्न केलेल्या महिला अधिकाऱ्याला सेवेतून काढता येत असे. सेलिना जॉन नावाच्या लेफ्टनंटला १९८८ मध्ये याच कारणावरून घरी पाठवलं गेलं. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली. सेलिना जॉन यांचा न्याय मात्र २०२४ पर्यंत लांबला. सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मनमानी आणि लिंगभेद करणारा ठरवून त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. छत्तीस वर्षांनी.

वैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडून इतर शाखांत स्त्रिया अधिकारी म्हणून आल्या त्या १९९२ पासून. सुरुवातीला मुदत फक्त पाच वर्षांची. पहिल्या शाखांमध्ये सर्व्हिस कोअर, ऑर्डनन्स, एज्युकेशन आणि जॅग होत्या. म्हणजे प्रशासकीय बाजू हेच स्त्रियांचं प्रवेशद्वार ठरलं. मुदत पुढे दहा आणि चौदा वर्षांपर्यंत गेली. २००८ मध्ये जॅग आणि एज्युकेशन या दोनच शाखांत कायम कमिशनचा रस्ता उघडला. बाकीच्या स्त्रिया चौदा वर्षांनी, पेन्शनला सहा वर्षं कमी असताना, बाहेर.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्या दहा शाखांत स्त्रियांना शॉर्ट सर्व्हिस मिळते तिथे त्यांना कायम कमिशनचाही विचार मिळाला पाहिजे. सरकारनं युक्तिवादात बाळंतपण, मातृत्व आणि घरगुती जबाबदाऱ्या पुढे केल्या होत्या. न्यायालयानं त्यांना साचेबद्ध समजुती म्हटलं. महिन्याभरात नौदलाबाबतही असाच निकाल आला.

संसाराच्या दृष्टीनं त्याहून बोलका निकाल २०२१चा, नितीशा खटल्यातला. कायम कमिशनसाठी निवड मंडळ बसलं तेव्हा चाळिशीकडे झुकलेल्या किंवा ओलांडलेल्या स्त्रियांना शारीरिक क्षमतेचा जो निकष लावला गेला, तो पुरुषांना पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे ऐन तिशीच्या अलीकडे-पलीकडे लागत आलेला होता. पुरुषांची परीक्षा वेळेवर झाली. स्त्रियांची परीक्षा व्यवस्थेनंच कितीतरी वर्षं लांबवली आणि मग जुना पेपर हातात दिला. भेदभाव करायचा असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण घडला तो भेदभावच, असं न्यायालय म्हणालं. आज जॅगमध्ये जाऊ पाहणाऱ्या मुलीला आणखी एक निकाल माहीत हवा: ऑगस्ट २०२५ मध्ये अर्शनूर कौर खटल्यात, या शाखेत पुरुषांना जास्त आणि स्त्रियांना कमी जागा राखून ठेवण्याची पद्धत न्यायालयानं रद्द केली.

न्यायालयानं दार उघडलं तरी युनिटमधला कमांडिंग ऑफिसर कसा आहे, यावर रोजचं जगणं ठरतं. गरोदर अधिकाऱ्याला हलकं काम देताना तिचा वार्षिक गोपनीय अहवाल हलका होणार नाही ना, ही काळजी तिनं स्वतः घ्यावी लागते. त्या वर्षी केलेल्या कामाची नोंद लेखी ठेवणं, हा त्यातला साधा उपाय.

६. पैशाचं थोडक्यात

सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं, त्यावर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे महागाई भत्ता धरण्याआधीच ७१,६००. जवान आणि जेसीओंना, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांना, हा मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० आहे. दोन मुलांपर्यंत प्रत्येकी शिक्षण भत्ता जानेवारी २०२४ पासून महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे. क्वार्टर, मिलिटरी हॉस्पिटल आणि कॅन्टीन यांमुळे घरखर्च बराच आटोक्यात राहतो.

सावध राहायचं ते पेन्शनबाबत. अधिकाऱ्याला वीस आणि जवानाला पंधरा वर्षं भरली तरच निवृत्तिवेतन. मधल्या मुदतीत बाहेर पडणाऱ्या शॉर्ट सर्व्हिसवाल्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. वरच्या उदाहरणातली मुलगी ३८व्या वर्षी चौथीतलं मूल घेऊन नवी नोकरी शोधत असते. पुनर्वसन महासंचालनालय अशा अधिकाऱ्यांसाठी नामांकित व्यवस्थापन संस्थांत सहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालवतं. पुरवठा, वाहतूक, कायदा या शाखांतला अनुभव बाहेर विकला जातो. पायदळातल्या मित्रापेक्षा प्रशासकीय शाखेवाल्याची बाजू इथे वरचढ आहे.

७. शाळा पाच, भाषा किती?

दर अडीच वर्षांनी बदली म्हणजे बारावीपर्यंत साधारण पाच शाळा. केंद्रीय विद्यालयं आणि आर्मी पब्लिक स्कूल याच अडचणीसाठी उपयोगी पडतात. अभ्यासक्रम एकच, त्यामुळे भटिंड्याच्या चौथीतून उठलेलं मूल पुण्याच्या चौथीत बसू शकतं. मित्र तुटतात, पण अशी मुलं नवे मित्र फार पटकन करतात, असं त्यांचे शिक्षक सांगतात.

या शाळांत हरवते ती मराठी. हिंदी-इंग्रजीत वाढलेलं मूल आजीशी तुटकं बोलतं. घरात मराठीच बोलायची, असा नियम मूल पहिलं वाक्य बोलायच्या आधीपासून लागतो. सहावीत सुरू करू म्हटलं तर होत नाही.

पुढे व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशाच्या वेळी वडिलांचा किंवा आईचा अधिवास कुठला, हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशात संरक्षण दलातल्या पालकांच्या मुलांसाठी वेगळे प्रवर्ग आहेत: माजी सैनिकांची मुलं, राज्याचा अधिवास असलेल्या सेवेतल्या सैनिकांची मुलं, आणि अधिवास नसला तरी बदलीनं महाराष्ट्रात आलेल्यांची मुलं. फायदा मिळतो तो कागद जपून ठेवणाऱ्याला. अधिवासाचा दाखला मूल लहान असतानाच काढून ठेवावा.

बदल्यांचा कंटाळा आला की काही घरं मुलाला एकाच ठिकाणी ठेवतात. सैनिक कल्याण विभागाची मुला-मुलींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत वसतिगृहं आहेत. १९६१ मध्ये सुरू झालेली साताऱ्याची सैनिकी शाळा आहे, आता तिथे मुलींनाही प्रवेश आहे. पण सैनिकाचं मूल म्हणून मुलाला सैनिकी शाळेत घालायचं, ही घाई करू नये. त्याला बासरी वाजवायची असू शकते.

८. घरातलं दुसरं माणूस

इतका वेळ आपण गणवेशातल्या माणसाचा हिशोब मांडला. पण हे गणित चालतं ते गणवेशाबाहेरच्या माणसावर. फौजेतल्या पुरुषाच्या बायकोनं नोकरी सोडली, तर लोक त्याला साहजिक म्हणतात. फौजेतल्या बाईचा नवरा तिच्या बदलीसाठी नोकरी सोडतो तेव्हा त्याच्या घरचे बैठक बोलावतात. प्रशासकीय शाखेतल्या स्त्री अधिकाऱ्यांची अडचण पुष्कळदा पोस्टिंगपेक्षा या बैठकीतच असते.

दोघंही फौजेत असण्याचा मार्ग आहे. डॉ. माधुरी कानिटकर बालरोगतज्ज्ञ. २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे पती राजीव कानिटकरही लेफ्टनंट जनरल. पुढे त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. दोघंही लेफ्टनंट जनरल असलेलं हे जोडपं देशात पहिलंच होतं, आणि त्याची मोठी बातमी झाली यातच ते किती दुर्मीळ आहे हे दिसतं. बाकी जोडप्यांच्या वाट्याला एक जण जोधपूरला, दुसरा तेजपूरला, आणि मूल सोलापूरला आजीकडे, अशी काही वर्षं येतातच.

लग्न ठरवताना पगार, घर, पत्रिका सगळं विचारलं जातं. फील्ड लागलं तर मूल कुणाकडे राहणार, आणि ते माणूस आजारी पडलं तर कुणाकडे, हे दोन प्रश्न कुणी विचारत नाही. ते विचारावेत, आणि उत्तर नावानिशी घ्यावं. “बघू, होईल काहीतरी” या उत्तरावर मुलं वाढवायची वेळ आली की ती कुणाच्या तरी आईच्या गुडघ्यांवर येते.

९. गणवेशाशेजारचं टेबल

आता ज्यांचं लग्न झालंय, मूल आहे आणि तरीही सैन्याच्या कारभारात काम करायचंय, त्यांच्यासाठी. या कारभाराचा मोठा भाग साध्या कपड्यांतले लोक चालवतात आणि तिथे लग्नाची अट नाही.

भूदलाच्या अधिकाऱ्यांचे पगार पुण्याच्या संरक्षण लेखा कार्यालयातून निघतात. तिथले वरिष्ठ अधिकारी इंडियन डिफेन्स अकाउंट्स सर्व्हिसचे, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून आलेले लेखापरीक्षक आणि लिपिक. देहूरोड, खडकी, देवळाली, कामठी अशा कॅन्टोन्मेंटचा नागरी कारभार आणि लष्कराच्या जमिनी पाहते ती इंडियन डिफेन्स इस्टेट्स सर्व्हिस. दोन्ही सेवा यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून भरल्या जातात; सर्वसाधारण गटाला वय ३२ पर्यंत. बदल्या इथेही होतात, मात्र कुटुंबाला मागे ठेवावं लागेल अशी पोस्टिंगं क्वचितच. एक फरक लक्षात ठेवायचा: सैनिकांना जुनी पेन्शन आहे, २००४ नंतर लागलेल्या नागरी कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना किंवा तिच्या जागी अलीकडे आलेला एकीकृत पर्याय.

आणि ज्याला गणवेश हवाच आहे, पण नोकरी-धंदा सोडवत नाही, त्याच्यासाठी टेरिटोरियल आर्मी. वय १८ ते ४२, पदवी, आणि स्वतःचं पोट भरणारा व्यवसाय किंवा नोकरी, या तिच्या मुख्य अटी. लग्न आड येत नाही. वर्षातला काही काळ प्रशिक्षणाला जायचं, बाकी वर्ष आपापल्या कामावर. बोलावणं आलं तर मात्र पूर्णवेळ जावं लागतं, आणि ते दोन-दोन वर्षंही लांबू शकतं. अर्ज भरण्यापूर्वी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत घ्यावी लागते. घरातून घ्यायच्या ना-हरकतीला छापील नमुना नाही.